अडकलेली चकती

(प्रस्तुत पाठात, फ्लॉपी डिस्कची चकती मोकळेपणाने फिरत नसेल तर तिच्यातील मजकूर कसा वाचवावा, याची माहिती दिली आहे.)

मुलांनो, सोलापूर म्हटले की पहिल्यांदा आठवते ती चादर. चादरीवर मोर असतो, वेलबुट्टी असते, चौकटी असतात. मागावर हा मोर रोज नव्याने कोणी काढत नाही. तो आधीच कुठेतरी साठवून ठेवलेला असतो. कुठे? माग चालू असताना कारखान्यात कधी गेलात, तर मागाच्या वर मान करून पाहा. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या एकमेकींना बांधून त्यांची माळ केलेली दिसेल. प्रत्येक पट्टीवर भोके असतात. भोक असेल तिथे एक धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे तो खालीच राहतो. पट्टीमागून पट्टी सरकते आणि मोर उमटत जातो. म्हणजे मोर त्या भोकांत साठवलेला असतो.

या यंत्राला जॅकार्ड म्हणतात. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ते तयार केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याची ही कल्पना पुढे विणकामाच्या बाहेर गेली. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माणसांची माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर साठवली आणि यंत्राने मोजली. त्यांची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ पासून त्या मोठ्या कंपनीचे नाव आयबीएम झाले. याच आयबीएम कंपनीत ॲलन शुगार्ट यांच्या हाताखालील अभियंत्यांनी १९७१ साली फ्लॉपी डिस्क बाजारात आणली. मागावरच्या पुठ्ठ्याचे आणि फ्लॉपीचे असे लांबचे नाते आहे. मात्र पुठ्ठ्याची पट्टी सरकते आणि फ्लॉपीची चकती फिरते. सारा घोळ त्या फिरण्यात आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी फ्लॉपी पाहिलीही नसेल. संगणकावर काम 'सेव्ह' करण्यासाठी आपण ज्या चौकोनी चित्रावर टिचकी मारतो, ते फ्लॉपीचेच चित्र आहे. पहिली फ्लॉपी ८ इंचांची होती. १९७६ साली सव्वापाच इंचांची आली. १९८० नंतर साडेतीन इंचांची, कडक कवचाची फ्लॉपी आली आणि १९८७ पासून तिच्यात १.४४ मेगाबाइट मजकूर मावू लागला. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही कित्येकदा तिच्यात मावणार नाही. पण साध्या मजकुराची शेकडो पाने तिच्यात बसत. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शाळांचे निकाल, दुकानांचे हिशेब, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल हे सारे फ्लॉपीवर असे. उर्दू मजकुरासाठी १९९४ साली इनपेज हे सॉफ्टवेअर आले. त्याआधी उर्दूचे छापील काम बहुतेक कातिबाच्या हातचे असे. आता नस्तालीक लिपी संगणकावर लिहिता येऊ लागली आणि तो मजकूर फ्लॉपीतून छापखान्यात जाऊ लागला.

आता अशी कल्पना करा. घराची सफेदी काढायची म्हणून कपाट सरकवले. मागे एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात चार फ्लॉप्या आहेत. एकीवर शाईने लिहिले आहे : 'दादाजान यांच्या गझला, १९९७'. दादाजान आज हयात नाहीत. त्यांची वही पावसात भिजून गेली. छापलेले पुस्तक निघालेच नाही. म्हणजे त्या गझला जगात फक्त या एका चकतीवर आहेत. तुम्ही धावत ओळखीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात जाता. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली जाते. हिरवा दिवा लागतो, 'घुर्र' असा दबका आवाज येतो, आणि पडद्यावर संदेश येतो की ड्राइव्ह तयार नाही.

"चाचा, फ्लॉपी खराब झाली?" तुम्ही विचारता.

"थांब बेटा. खराब झाली की अडकली, ते आधी पाहू," असे उत्तर देणारे चाचा भेटले तर तुमचे नशीब चांगले. कारण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. खराब होते ती चकती, आणि अडकवते ते बहुतेक वेळा तिचे कवच. कवच बदलता येते. गझला मात्र चकतीवर आहेत.

हे समजण्यासाठी फ्लॉपीच्या पोटात काय असते ते पाहू. बाहेर चौकोनी कवच. सव्वापाच इंची फ्लॉपीचे कवच मऊ प्लास्टिकचे, पाकिटासारखे घडी घालून चिकटवलेले असते. साडेतीन इंची फ्लॉपीचे कवच कडक असते आणि त्यावर सरकणारी धातूची झडप असते. आत पातळ गोल चकती. ही चकती पॉलिएस्टरची असते; ज्या पॉलिएस्टरचा धागा तुमच्या शर्टात आहे, तेच हे. तिच्यावर चुंबकीय लेप दिलेला असतो आणि त्या लेपात मजकूर असतो. चकती हातात धरली तर ती लुळी पडते. इंग्रजीत 'फ्लॉपी' शब्दाचा अर्थच लुळा असा आहे.

आणि चकती व कवच यांच्यामध्ये काय असते? कापड! मागावर विणलेले नव्हे. तंतू एकमेकांत दाबून केलेले, नमद्यासारखे मऊ आणि पातळ कापड. कवचाच्या दोन्ही अंगांना आतून त्याचे अस्तर लावलेले असते. अगदी शेरवानीला असते तसे. याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आयबीएमच्या अभियंत्यांनी सुरुवातीला चकती उघडीच वापरून पाहिली होती. तिच्यावर धूळ बसे आणि वाचताना चुका होत. म्हणून त्यांनी चकतीला पाकिटात घातले आणि पाकिटाला आतून हे अस्तर लावले. चकती फिरताना अस्तर तिला हळूच पुसत राहते. घरातली बाई चालता चालता पदराने टेबल पुसते ना, तसे. कापडाच्या गावातल्या मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो की एवढ्या मोठ्या कंपनीची अडचण शेवटी कापडाच्या तुकड्याने सोडवली.

पण हेच अस्तर कधी कधी वैरी होते. ते चकतीला फक्त स्पर्श करायला हवे, तिला धरून ठेवता कामा नये. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. तेवढ्या वेळात ड्राइव्हचे हेड तिच्यावरून सेकंदाला ५ लाख खुणा वाचते. हेड खुणा ओळखते ती वेळेच्या अंदाजाने. चकती रखडत फिरली की वेळ चुकते, आणि खुणा जागेवर असूनही वाचता येत नाहीत. चकती अजिबातच फिरली नाही तर प्रश्नच मिटला. कांडी भरण्याचा रहाट जड झाला तर धागा तुटतो, हे तुमच्यापैकी काहींनी घरात पाहिले असेल. रहाट जड झाला म्हणून कोणी सूत वाईट आहे असे म्हणत नाही.

चकती अडकते कशाने? सोलापुरात पहिले कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४० अंशांच्या वर जातो. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या पाकिटावर १० ते ५२ अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असे. सावलीत एवढे तापमान होत नाही. पण पत्र्याच्या छपराखालची वरची फळी, उन्हात उभ्या केलेल्या गाडीची काच, इथे ते सहज होते. तापल्यावर मऊ कवच वाकते आणि चकतीला चिमटीत धरते. दुसरे कारण ओझे. फ्लॉपीवर जाड वह्या वर्षानुवर्षे ठेवल्या की कवच चपटे होते आणि आतली मोकळी जागा नाहीशी होते. धूळ आणि कापसाचे बारीक तंतू हे तिसरे. ज्या घरात खाली माग आणि वर बिऱ्हाड आहे, तिथे ते डब्यातही शिरतात. ओल हे चौथे कारण आणि सर्वांत वाईट. ओलीने बुरशी येते, अस्तर चकतीला चिकटते, आणि काही जुन्या फ्लॉप्यांचा चुंबकीय लेपच चिकट होऊ लागतो.

आता काम सुरू करू. पण त्याआधी दोन गोष्टी, ज्यांत चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ.

पहिली गोष्ट अशी. न वाचता आलेल्या फ्लॉपीबद्दल संगणक कधी कधी विचारतो, 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करू का?' उत्तर फक्त 'नाही'. फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसून नव्याने रेघा आखणे. संगणकाला वाचता आले नाही म्हणून तो पाटी कोरी समजतो. तुम्ही घाईत 'हो' म्हणालात आणि नेमकी त्याच वेळी चकती सुटून फिरू लागली, तर दादाजानच्या गझला गेल्याच.

दुसरी गोष्ट, फ्लॉपीवर लिहिण्याचा मार्ग बंद करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी सरकपट्टी असते. ती सरकवून खिडकी उघडी केली की लिहिणे बंद होते. सव्वापाच इंची फ्लॉपीत नेमके उलटे आहे. तिच्या कडेला चौकोनी खाच असते. ती खाच कागदाची चिकटपट्टी लावून झाकली की लिहिणे बंद होते. एकीत उघडायचे, दुसरीत झाकायचे. लक्षात ठेवा.

मग दोष ड्राइव्हचा आहे की फ्लॉपीचा, ते ठरवा. बिनमहत्त्वाची दुसरी एखादी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून पाहा. तीही चालली नाही तर ड्राइव्हच आजारी आहे. जुन्या ड्राइव्हमधील वंगण वाळून घट्ट होते, काहींतला रबरी पट्टा सैल पडतो. अशा वेळी फ्लॉपीला हात लावायचे कारणच नाही. ड्राइव्ह दुरुस्त करा. दुसरी फ्लॉपी नीट चालली तर मात्र आपल्या फ्लॉपीकडे वळू.

साडेतीन इंची फ्लॉपी उलटी करा. मागे मधोमध धातूची गोल टिकली दिसेल. ती बोटाने हळूच फिरवा. निरोगी फ्लॉपीत ती थोड्याशा विरोधाने, पण सारख्या गतीने फिरते. टिकली एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकी लागली तर कवच वाकलेले असते. ती फिरते पण झडप सरकवल्यावर दिसणारी चकती फिरत नाही, असे झाले तर टिकलीचा डिंक सुटला आहे. आणि टिकली हलतच नसेल तर जोर लावू नका. जोर लावल्याने चकतीला घडी पडते, आणि पडलेली घडी जात नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीत टिकली नसते, मधे मोठे भोक असते. भोकाच्या आतल्या कडेला दोन बोटे लावून चकती फिरवता येते. लांबट खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या भागाला मात्र बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकटपणा तिथे बसतो.

सव्वापाच इंची फ्लॉपी अडकली असेल तर तिच्यावर एक जुना उपाय आहे. चकती कवचाच्या घडीत, म्हणजे कडेला अडकते. कारण दाबामुळे कवचाच्या कडा धारदार झालेल्या असतात. फ्लॉपी उभी धरा आणि तिची एकेक कड टेबलावर हलकेच आपटा. पत्ते पिसल्यावर गड्डी नीट करतो तशी. चारही बाजूंनी असे करा. मग टेबलाच्या गुळगुळीत काठावरून कवचाची फक्त कड ओढा, खाली किंचित दाब देऊन. अर्धा सेंटिमीटरहून अधिक भाग काठाला लागता कामा नये, कारण त्याच्या आत चकती आहे. यामुळे चपटी झालेली घडी पुन्हा फुगते आणि चकतीला जागा मिळते. पुन्हा बोटांनी फिरवून पाहा. दहा-वीस फेरे द्या. बऱ्याचशा फ्लॉप्या एवढ्यावरच सुटतात. ज्या उपायाला ना हत्यार लागते ना पैसा, त्यावर लोकांचा विश्वास लवकर बसत नाही. पण करून पाहावा असा तो आहे.

साडेतीन इंची फ्लॉपीचे कवच कडक, तिला हा उपाय नाही. तिची झडप आधी पाहा. झडप वाकलेली असेल तर ती कवचाला चिमटा काढते, शिवाय ड्राइव्हमध्ये अडकून हेडही तोडू शकते. वाकलेली झडप सरळ करत बसू नका. हळूच सोडवून बाजूला ठेवा, तिच्याबरोबरची बारीक स्प्रिंगही काढा. झडपेविना फ्लॉपी चालते. झडप केवळ धुळीपासून रक्षणासाठी असते. त्यानंतर फ्लॉपी तळहातावर हलकेच थोपटा आणि टिकली दोन्ही दिशांना थोडी थोडी फिरवा.

एवढे करूनही चकती सुटली नाही तर शस्त्रक्रियाच करावी लागते. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा, आणि पहिल्यांदा दादाजानच्या फ्लॉपीवर नको. भंगारातल्या रिकाम्या फ्लॉप्या आणा. दोन-तीन उघडून हात बसवा. त्यांचेच एक स्वच्छ कवच नंतर आपल्याला उपयोगी पडणार आहे.

खोलीतला पंखा बंद करा. टेबलावर स्वच्छ कागद पसरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या ज्या कडेजवळ लेबल असते, ती कड कात्रीने अगदी काठावरून, एक-दोन मिलिमीटरची पट्टी निघेल अशी कापा. कापण्यापूर्वी चकती दुसऱ्या बाजूला सरकवून घ्या. मग पाकिटातून पत्र काढावे तशी चकती बाहेर ओढा. ती केवळ मधल्या भोकाच्या काठाला आणि अगदी बाहेरच्या कडेला धरायची. तिची वरची बाजू कोणती, हे विसरू नये म्हणून भोकाजवळ पेनाने एक बारीक ठिपका द्या. दुसऱ्या फ्लॉपीचे कवच असेच कापून, तिची चकती काढून रिकामे केलेले असेल. त्यात आपली चकती ठिपका वर करून सरकवा. उघडी कड चिकटवायची गरज नाही. काम थोड्या वेळाचेच आहे.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या कवचाचे दोन भाग कोपऱ्यांवर जोडलेले असतात. झडप काढल्यावर कडेच्या फटीत पातळ पाते घालून एकेक कोपरा सोडवा. घाई केली तर कवच तडकते. तडकले तरी हरकत नाही, कवच आपल्याला नकोच आहे. पण पाते आत घसरले तर चकती चिरते, म्हणून पाते कडेच्या पलीकडे जाता कामा नये. चकती टिकलीसकट उचला आणि चांगल्या कवचाच्या खालच्या भागात ठेवा. टिकली एकाच बाजूला असते, त्यामुळे उलटी बसण्याची भीती नाही. वरचा भाग बसवून कडांना पातळ चिकटपट्टी लावा. पट्टी दुहेरी झाली तर फ्लॉपी ड्राइव्हमध्येच अडकेल आणि एक अडचण सोडवता सोडवता दुसरी उभी राहील.

चकती बाहेर काढल्यावर ती उजेडात तिरपी धरून पाहा. काळा चकचकीत पृष्ठभाग सारखा दिसला तर उत्तम. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी चकती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. हेड बुरशीला घासते, बुरशी लेपाला घासते आणि लेप खरवडून निघतो. खरवडलेला लेप परत लावता येत नाही. थंड, शुद्ध केलेल्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून चकती हलक्या हाताने धुवा, साध्या शुद्ध पाण्याने विसळा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. गरम हवा नको, ऊन नको. पाण्याने मजकूर जात नाही, कारण तो शाईने लिहिलेला नाही. लेप चिकट झालेला असेल तर मात्र पुसण्याची घाई करू नका. चिकट लेपावर स्पिरिट लावल्यास तो विरघळूनही निघू शकतो. अशी फ्लॉपी या कामातल्या जाणकाराकडे द्यावी हेच बरे.

चकती मोकळी झाली, ड्राइव्हमध्ये गेली. आता कान द्या. नेहमीचा सौम्य, एकसारखा आवाज आला तर ठीक. 'किंऽऽ' असा बारीक चिरका आवाज आला तर त्याच क्षणी फ्लॉपी बाहेर काढा. तो आवाज लेप घासला जात असल्याचा आहे. दर वेळी थोडा थोडा मजकूर जात असतो. हेडही घाण झालेले असते, आणि घाण झालेले हेड पुढच्या निरोगी फ्लॉपीला ओरखडे काढते. म्हणून जुन्या फ्लॉप्यांचे काम करताना मधे मधे हेड साफ करावे लागते. डब्यातल्या चार फ्लॉप्यांपैकी जी सर्वांत स्वच्छ दिसते ती आधी आणि बुरशीची सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवा.

फ्लॉपी वाचली जाऊ लागली की एखादी गझल उघडून वाचण्याचा मोह होईल. तो आवरा. आधी संपूर्ण चकतीची नक्कल संगणकावर उतरवून घ्या. चकतीच्या दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ अक्षरांची जागा. गुणाकार करा : १४,७४,५६० येतात. हा सारा साठा एका दमात उतरवणारी सॉफ्टवेअर मिळतात. एखादा भाग वाचला गेला नाही तर ती त्या भागाची नोंद ठेवून पुढे जातात. राहिलेला भाग नंतर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचला जाण्याची शक्यता असते, कारण प्रत्येक ड्राइव्हचे हेड केसभर वेगळ्या जागी बसलेले असते. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडण्याचे ड्राइव्ह आजही मिळतात. सव्वापाच इंचीसाठी जुना संगणक किंवा त्यासाठी खास केलेले सर्किट लागते.

उर्दू आणि मराठी मजकुराच्या बाबतीत शेवटी एक अडचण हमखास येते. फाइल उघडली, पण पडद्यावर गझलेऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पुष्कळजण इथे निराश होतात आणि फाइल बिघडली असे समजतात. बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. त्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरे साठवण्याची स्वतःची पद्धत असे. आजच्या युनिकोडसारखी सर्वांची एक पद्धत तेव्हा रूढ नव्हती. इनपेजमध्ये लिहिलेला मजकूर इनपेजमध्येच उघडावा लागतो, आणि तिथून तो युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. मराठीच्या जुन्या फाँटचेही तसेच. म्हणून मूळ फाइल होती तशी एका बाजूला जपून ठेवायची आणि सगळे प्रयोग तिच्या नकलेवर करायचे.

मजकूर दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवून झाला की जुन्या फ्लॉपीचे काय करावे? सोनीसारख्या कंपनीने २०११ साली फ्लॉप्यांची विक्री थांबवली, त्यामुळे नव्या फ्लॉप्या मिळणे अवघड आहे आणि चांगली कवचे जपायला हवीत. दादाजानच्या हाताने नाव लिहिलेले कवच मात्र कापलेले असले तरी टाकू नका. चकती पुन्हा त्यात घाला, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा : नक्कल कोणत्या तारखेला काढली, कोणी काढली आणि कुठे ठेवली आहे. डबा या वेळी खालच्या फळीवर ठेवा, उभा, आणि त्यावर काही ठेवू नका.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चादरीवरचा नमुना जॅकार्ड मागात कशात साठवलेला असतो?
(आ) फ्लॉपीच्या कवचाला आतून अस्तर का लावतात?
(इ) साडेतीन इंची फ्लॉपी सेकंदाला किती फेरे घेते?

२. कारणे लिहा.
(अ) संगणकाने फॉरमॅटबद्दल विचारले तर 'नाही' म्हणावे.
(आ) बुरशी आलेली चकती ड्राइव्हमध्ये घालू नये.
(इ) पडद्यावर विचित्र चिन्हे दिसली तरी फाइल टाकून देऊ नये.

३. 'खराब होते ती चकती, आणि अडकवते ते कवच' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.

४. चादर, अस्तर, दुरुस्ती, नमुना, खराब, कागद हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. उपक्रम : तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात जुन्या फ्लॉप्या, कॅसेट किंवा जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डे आहेत का, याची चौकशी करा. त्यांवर काय साठवलेले आहे, हे मोठ्यांना विचारून आठ-दहा ओळी लिहा.